पाडव्याला जा, पोळ्याला या

पुसद तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे, त्यातलं कामाचं तेवढं इथे देतो.

“मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून २०१९ मध्ये रिटायर झालो. मुलगा टेक्सासात, त्याला ग्रीन कार्ड आहे. नातू झाल्यापासून आम्ही दोघं वर्षातले जवळजवळ सहा महिने तिकडे असतो. गेल्या वर्षी ऑगस्टात गेलो, फेब्रुवारीत आलो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला राहिला आणि पेन्शन थांबलं. माझं सिम पुतण्याच्या जुन्या मोबाईलात टाकून ठेवलं होतं, ते रिचार्ज नसल्यानं बंद पडलं. मग बँकेचा ओटीपी नाही, आधारचा ओटीपी नाही. पाच एकर वावर त्याच पुतण्याला मक्त्यानं, म्हणजे ठरलेल्या पैशावर कसायला, दिलं आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरची पिकाची नोंद, झालीच नाही, सातबाऱ्यावर कापूस चढला नाही, विकताना त्रास झाला. आता पुतण्या म्हणतो, काका, मला आममुखत्यारपत्र करून द्या, मी सगळं पाहतो. मुलगा म्हणतो, शेत-घर विका आणि कायमचे इकडे या. गावातले म्हणतात, तुम्ही एनआरआय झाले, खातं बदलावं लागते. मी जित्ता हाव, हे किती खेपा सांगू? काय करावं?”

भाऊ, तुमच्या गोंधळाचं मूळ कागदात कमी आणि तिकिटाच्या तारखेत जास्त आहे. ऑगस्ट ते फेब्रुवारी हे सहा महिने गावाबाहेर राहायला वर्षातले सगळ्यात वाईट. पीक पाहणी त्याच काळात, सोयाबीन त्याच काळात निघतं, कापसाची वेचणी आणि विक्री त्याच काळात, हयातीचा दाखला त्याच काळात. आणि तिकडे हिवाळ्यातले थंडीचे दिवस घरात बसून काढायचे. इकडे परत येता तेव्हा तोंडावर उन्हाळा, एप्रिल-मे चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीचा, विहीर आटलेली आणि वावरात काम नाही.

हे उलटं करा. गुढीपाडवा झाला की निघा आणि पोळ्याला घरी या. तुरी घरात आलेल्या असतात, मक्त्याचे पैसे पाडव्याला हातात पडतात, नव्या सालाचं बोलणं झालेलं असतं. पेरणी पुतण्या करणारच आहे, ती पाहायला तुम्ही लागत नाही. तिकडे जून ते ऑगस्ट शाळांना लांब सुट्टी असते, म्हणजे आजी-आजोबांची खरी गरजही तेव्हाच. एक लक्षात ठेवा, पोळ्याच्या आधी अधिक मास आला की पोळा सप्टेंबरात सरकतो. त्या वर्षी पोळ्याची वाट पाहू नका, ऑगस्टअखेर या.

मी हा हट्ट धरतो त्याला आणखी एक कारण आहे. तुमचा व्हिसा दहा वर्षांचा असेल, पण दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे सहा-सहा महिने राहण्याचा हक्क नव्हे. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि आय-९४ नावाच्या नोंदीत ती तारीख टाकतो. ही नोंद आता कागदावर मिळत नाही, त्यांच्या सीमाशुल्क खात्याच्या वेबसाइटवर पाहावी लागते. उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाला ती काढून द्यायला सांगा आणि दोघांचीही तारीख पाहा, एकट्याची नको. दरवर्षी पुरे सहा महिने राहणाऱ्याला कधीतरी प्रश्न येतो, की तुम्ही भेटायला येता की इथेच राहता? साडेचार-पाच महिन्यांवाल्याला उत्तर देणं सोपं जातं.

आता हयातीचा दाखला. उपकोषागारात नोकरीची वर्षं घालवलेला माणूस म्हणून सांगतो, पेन्शन थांबलं म्हणजे बुडालं नाही. दाखला पोचला की थकबाकीसकट मिळतं. थांबवणाऱ्यालाही त्यात काही आनंद नसतो. त्याच्यापुढे नावांची यादी असते आणि तुमच्या नावापुढचा रकाना कोरा असतो, इतकंच.

गावात असाल तर नोव्हेंबरात बँकेत जाऊन त्या यादीवर सही करणं याच्यासारखं दुसरं काही नाही. पहिल्या दोन दिवशी जाऊ नका, सगळा तालुका तिथे असतो. शेवटच्या आठवड्यावरही ढकलू नका. दहा तारखेच्या पुढे, जेवणाच्या सुट्टीआधी जा, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स, आधार आणि पासबुक घेऊन. सही करताना पट्टी धरून पाहा, आपल्याच नावासमोर होते ना. एकाच गावात एकाच आडनावाचे चार पेन्शनर असले की वरच्या ओळीत सही पडते आणि डिसेंबरात दोघंही कोषागाराच्या पायऱ्या चढतात.

एखाद्या वर्षी नोव्हेंबरात तिकडे राहावंच लागलं, सुनेचं बाळंतपण म्हणा किंवा काही, तर दोन वाटा आहेत. पहिली जीवन प्रमाणची, म्हणजे ऑनलाइन दाखल्याची. ही सोय २०१४ पासून आहे. आधी अंगठा लागायचा, आणि मातीत काम केलेल्या माणसाचा अंगठा मशीन ओळखत नाही हे तुम्हाला मी काय सांगावं. आता चेहऱ्यावरून होतं. मोबाईलवर दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधारच्या चेहरा ओळखीचं. ही ॲप इथून निघायच्या आधीच टाकून घ्या, तिकडे गेल्यावर सापडायला अडचण येऊ शकते. ओसरीवर उजेडाकडे तोंड करून बसा, चष्मा काढा, मोबाईल डोळ्यांच्या रेषेत धरा आणि पापणी मिटून उघडा म्हटलं की तशी उघडा. मागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो आणि माणूस उगीच दहा वेळा पापण्या मिटत बसतो.

पण त्यात एक खाच आहे. ॲपमधून प्रमाण आयडी आला की लोक समजतात झालं. तो आयडी म्हणजे दाखला निघाला, कोषागारानं घेतला असं नव्हे. फॉर्ममध्ये पीपीओ नंबर, खाते नंबर किंवा कोषागाराचं नाव चुकलं तर दाखला परत येतो आणि तुम्हाला वाटतं, आपण तर पाठवला. आठवड्यानं उपकोषागारात फोन लावून किंवा पुतण्याला पाठवून नक्की करून घ्या.

दुसरी वाट वकिलातीची. भारतीय दूतावासातला किंवा वाणिज्य दूतावासातला अधिकारी हयातीच्या दाखल्यावर सही देतो. टेक्साससाठी ह्यूस्टनला कार्यालय आहे. मूळ कागद रजिस्टर पोस्टानं किंवा कुरिअरनं कोषागाराकडे पाठवायचा आणि पोच ठेवायची. नुसता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून कोणी पेन्शन सुरू करत नाही.

सिमचं प्रकरण याहून मोठं आहे, आणि तिथे मी तुमच्यावर थोडा रागावणार आहे. ज्या नंबरवर आधार, बँक आणि पेन्शन आहे, ते सिम दुसऱ्याच्या मोबाईलात? पुतण्या सोन्यासारखा असेल. पण इथे सकाळचे अकरा वाजता बँक उघडते तेव्हा टेक्सासात रात्रीचे साडेबारा झालेले असतात. ओटीपी जगतो पाच-दहा मिनिटं. तुम्ही झोपेतून उठून त्याला फोन लावणार, तो वावरात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उभा, आणि मोबाईल घरी चार्जिंगला. शिवाय उद्या काही कमी-जास्त झालं तर संशय त्याच्यावरच येईल. त्याच्यासाठीही हे बरं नाही.

दोन सिमचा मोबाईल घ्या, एका खणात इथलं, दुसऱ्यात तिकडचं. निघण्याआधी वर्षभराचा रिचार्ज मारा, कारण प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे दुसऱ्याला देऊही शकते. दुकानात बसूनच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. तिकडे गेल्यावर डेटा रोमिंग बंद ठेवा. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, फोन उचलला की पडतात. वहिनींच्या आधारलाही नंबर त्यांचाच स्वतःचा असू द्या. नवऱ्याचा एकच नंबर साऱ्या घराच्या आधारला जोडलेला असतो, आणि एक दिवस तोच नंबर अडतो.

गावातले एनआरआय म्हणतात त्यांना म्हणू द्या. आयकराचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो, आणि त्या वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला माणूस निवासीच धरला जातो. पाडवा ते पोळा गेलात तरी सात महिन्यांच्या वर तुम्ही इथे असता. मुलाकडे पाहुणे म्हणून जाऊन परत येणाऱ्याला बचत खातं बदलायची गरज नाही. मात्र जुलैअखेर रिटर्न भरायचं असेल तर तुम्ही तिकडे असाल, आणि त्याची पडताळणी आधारच्या ओटीपीवर होते. म्हणून पुन्हा सिम. मुदत ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म एप्रिलच्या पहिल्या दिवसांत, निघायच्या आधी देऊन टाका.

तुमच्या पत्रात शेवटी एका ओळीत पीएम किसानचा उल्लेख आहे. महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणाऱ्याला ती योजना नाही. सूट आहे ती चतुर्थ श्रेणीवाल्यांना, कालवा निरीक्षक त्यात बसत नाही. आले असतील तर परत भरा, वसुलीच्या नोटिशीची वाट पाहू नका.

आता वावर आणि पुतण्या.

मक्ता आपल्याकडे तोंडी असतो. विदर्भाचा कुळकायदा १९५८ चा, पण त्याची धास्ती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. कागद केला तर कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, म्हणून कागदच नको. त्यामुळे होतं काय, की पैशाचं ठरतं आणि बाकीचं काहीच ठरत नाही. अतिवृष्टी झाली, पंचनामा झाला, मदत जाहीर झाली, तर पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात येतात. पीक मात्र गेलं पुतण्याचं. बियाणं, खत, फवारणी त्याची. तुम्ही टेक्सासात बसून मेसेज पाहणार, की खात्यात रक्कम जमा. ती कोणाची? हे पाडव्यालाच बोला, पावसाळ्यात नको. माझं मत विचाराल तर ज्यानं पेरलं त्याची, आणि मक्ता जर पूर्ण घेणार असाल तर त्याची नक्कीच. पीक विम्याचंही तसंच. २०२३ मध्ये आलेला एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, हप्ता आता खिशातून जातो. तो कोणी भरायचा आणि भरपाई कोणाकडे, हेही त्याच बैठकीत.

ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू आहे, पण अजून निम्मं गाव ती पटवाऱ्यावर सोडून देतं. साधारण ऑगस्ट ते सप्टेंबरचा मध्य हा खरिपाचा काळ, मुदतवाढ मिळाली तर तो नफा. फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, तुम्ही तिकडून काढू शकत नाही. पुतण्याच्या मोबाईलवरून तुमच्या खात्याची नोंद होऊ शकते, एकाच मोबाईलवर अनेक खातेदार चालतात. पोळ्याला परत आलात तर तुम्ही स्वतः बांधावर जाऊन पाहाल की कापूस तिथे कापूसच लागला आहे ना. तुरीचे तास मिश्र असतील तर तेही नोंदवा. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर सातबाऱ्यावर कापूस दिसायला हवा, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. फार्मर आयडी काढला नसेल तर याच हिवाळ्यात काढा.

आममुखत्यारपत्र, म्हणजे विकण्यापर्यंतचे सगळे अधिकार देणारा कागद, देऊ नका. पुतण्यावर अविश्वास म्हणून नव्हे. त्याच्या कामाला ते लागतच नाही. विजेचं बिल, घरपट्टी, पीक पाहणी, माल बाजार समितीत नेणं, यातल्या कशाला विकण्याचा अधिकार लागतो? तहसीलला अर्ज द्यायला, विम्याची तक्रार करायला कागद लागला तर मर्यादित मुखत्यारपत्र करा. त्यात गट नंबर लिहा, कामं एकेक करून लिहा, मुदतीची तारीख टाका, आणि विक्री, गहाण, बक्षीसपत्र, कर्ज आणि बँकेतून रक्कम काढणं यांचा अधिकार नाही असं स्पष्ट लिहा. इथे असतानाच पुसदला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवून घ्या. तिकडे बसून केलं तर वकिलातीचा शिक्का लागतो, आणि तो कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ती पायपीट कशाला.

तिकडून वावरावर लक्ष ठेवायचं असेल तर डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, मुलगा काढून देईल. फेरफाराची नोटीस पडली का ते ‘आपली चावडी’वर दिसतं. महिन्यातून एकदा पाहा. रोज पाहू नका, झोप उडेल.

घर बंद ठेवताना महावितरणला काही महिन्यांचे पैसे आगाऊ भरून ठेवा. आणि मूळ कागद, म्हणजे पीपीओ, खरेदीखत, वाटणीपत्र, भिंतीतल्या कपाटात ठेवू नका. काळ्या मातीतली घरं, पावसाळ्यात वाळवी कुठून येते कळत नाही. बँकेचं लॉकर नसेल तर लोखंडी पेटी आणि ती जमिनीपासून वर. पीपीओ कुठे आहे हे वहिनींना माहीत आहे का? खातं दोघांच्या नावावर आहे का? कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्यांना उद्या तोच कागद लागणार आहे, आणि तिकडे काही झालं तर मृत्यूचा दाखला तिकडचा येईल, त्यावर स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे हवं. तुमच्या पीपीओवर आणि पासपोर्टवर नाव सारखं आहे का, ते आजच पाहा. पीपीओवर वडिलांच्या नावाचं एक अक्षर आणि पासपोर्टवर पूर्ण नाव, असं अर्ध्या पेन्शनरांचं असतं.

दात, मोतीबिंदू, चष्मा, सगळं इथेच उरकून जा. पाहुण्यांसाठीचा विमा घ्याच, पण बीपी-शुगरसारखं जुनं दुखणं त्यात सहसा बसत नाही. तिकडच्या म्हाताऱ्यांना सरकारी मेडिकेअर आहे, ते पाहुण्यांना नाही. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घ्या, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या रासायनिक नावासकट. वहिनींना सांगा, पापड, कुरडया, सरगुंडे खुशाल न्या, विमानतळावर मात्र खायचं सामान आहे असं जाहीर करा. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत ते चालत नाही. आंबे, भाज्या, बियाणं आणि कुंडीसाठी घरची माती अजिबात नाही.

राहिलं मुलाचं म्हणणं. त्याचं प्रेम खरं आहे, पण हिशेब अर्धाच मांडलेला दिसतो. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्याला आई-वडिलांना कायमचं बोलावता येत नाही, त्यासाठी त्याला आधी तिकडचा नागरिक व्हावं लागेल, आणि साधारणपणे ग्रीन कार्डानंतर पाच वर्षांनी त्याला तो अर्ज करता येतो. म्हणजे आज वावर विकलंत तरी तुम्ही तिकडे पाहुणेच. पुढे तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालं तरी मग गावात मनाला येईल तितकं राहता येत नाही. वर्षाच्या वर बाहेर राहिलात की ते धोक्यात येतं, सहा महिन्यांच्या वर गेलात की विचारणा होते.

आणि शेतजमीन विकणं हे प्लॉट विकण्यासारखं नाही. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेत घेता येत नाही. सगळं वावर विकून बसलात की तुम्हीच उद्या शेतकरी राहिलात का, हा प्रश्न येतो. परदेशात राहणाऱ्या मुलाला इथे शेत विकत घेता येत नाही, वारसानं मात्र मिळू शकतं, तिकडचं नागरिकत्व घेतलं तरीही. म्हणजे घरात शेत राहायचं असेल तर ते न विकणं हाच रस्ता आहे, आणि विकायचं झालंच तर ते दहा वर्षांनी त्यालाही विकता येईल. त्याला हे फोनवर नका सांगू, पुढच्या वेळी तिकडे जाल तेव्हा समोर बसून सांगा.

तिकिटं काढण्याआधी पुतण्याशी बोलणं करा. मक्ता, मदतीचे पैसे, विमा, पीक पाहणी, मुखत्यारपत्रात काय आणि काय नाही, एवढं सगळं एकाच दिवशी, त्याच्या घरी जाऊन. वहिनींना सोबत न्या आणि त्याच्या आईलाही बसवून घ्या. ठरलं ते वहीच्या पानावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि एक झेरॉक्स त्याच्याकडे ठेवा.